एकेचाळिसावी बॅच

रबाळे एमआयडीसीत, नाल्याकडच्या टोकाला आमची लॅब.
तीन खिडक्या, त्यातली एक कधीच न उघडणारी.
काम म्हटलं तर एवढंच:
काकवीसारखं दाट रबर साच्यात आळलं
की त्याच्या पट्ट्या कापायच्या, मध्ये बारीक, टोकांना रुंद,
जबड्यात धरायच्या
आणि तुटेपर्यंत ओढायच्या.

रॉकेट आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.
ड्रमवर नंबर, वजन, तारीख.
दूर कुठेतरी, जिथलं नाव आम्हाला सांगत नाहीत,
तिथे यात मीठ मिसळतात. जाळणारं मीठ.
बहुतेक सगळं तेच असतं,
आमचं इतकुसं, कणाकणाच्या मधलं,
धरून ठेवणारं.

मीठ म्हटलं की बाबा.
हसुराम, गोठिवलीचे. मिठागरावर
दाताळं ओढून बोटं कायमची वाकलेली.
पहिल्या पगाराचे पेढे नेले तेव्हा म्हणाले,
"काय बनवता गो तिथं?"
सांगितलं, जमेल तसं.
पेढा हातातच. मग,
"मीठ एकमेकाला धरत नाय, पोरी.
सुकलं का सांडतं. बांद पायजे."
देवस्थळी सरांनी दोन दिवस फळ्यावर काढलं होतं
ते हेच.

सर म्हणायचे, नुसतं रबर आळशी.
साखळी लांबलचक, पण टोकं थोटी.
त्या टोकांना आपण हात फुटवतो,
मग हा त्याचा हात धरतो, तो पुढच्याचा.
जास्त हात दिले तर वीट,
कमी दिले तर खीर.
नोकरीची सव्वीस वर्षं मी
वीट आणि खीर यांच्या मधली जागा शोधत होते.

कोपऱ्यात ओव्हन. त्यात पट्ट्या ठेवायच्या,
आठवडे मोजायचे, वर्षं बाहेर काढायची.
नवऱ्याच्या आजारपणात मी त्या काचेसमोर
उगीच जास्त वेळ उभी राहायचे.

एकेचाळिसावी बॅच खोलीच्या हवेत झकास होती.
थंड पेटीत मात्र, उणे चाळीसला,
दुसरी पट्टी पापड मोडावा तशी मोडली.
पहिली नाही, तिसरी नाही, चौथी-पाचवीही नाही. दुसरीच.
काथोड म्हणाला, "ताई, पट्टीच वाकडी कापली असंल."
असेलही.
गेटवर ट्रक, ड्रायव्हर कागदातली भजी खात.
दारात कोटणीस: पाचात एक, ताई, पाचात एक.

मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
बाबांच्या बांधाला एकदा खेकड्यानं भोक पाडलं होतं,
करंगळी जाईल एवढं.
रात्रीची भरती तेवढंच शोधत आली
आणि सकाळी महिन्याचं मीठ
पुन्हा खाडी झालं होतं.
आगही तशीच म्हणे, केसाएवढी भेग पुरते,
मग ती पुढून जळत नाही, आतून जळते.

सही केली नाही.
ट्रक रिकामा गेला. दिवाळीला बोनस अर्धा आला,
होळीपर्यंत कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाला
दुसरी खुर्ची लागली नाही.
पट्टी वाकडी कापली होती का,
ते मला आजही माहीत नाही.
ड्रम शेडमागे आहेत, त्यांच्या सावलीत कुत्री विते.

बेचाळिसावी पास झाली. गेली.
जळलीही असेल कधीच, दीड-दोन मिनिटांत.
धरून ठेवणारंही त्याच आगीत जळतं,
ते इंधनच असतं, वेगळं उरत नाही,
हे सर निवृत्तीच्या दिवशी बोलले, हार काढता काढता,
जणू बसची वेळ सांगावी.

मिठागरावर आता कंटेनर रचलेत.
माझ्या डब्याचं झाकण सैल आहे,
त्याला बेचाळीसची एक उरलेली पट्टी लावते.
अकरा वर्षं झाली.
ओढली की येते.
सोडली की जाते.